डागावर औषध आहे, रंग हा रोग नव्हे!

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कार्यालयात एक ताई आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. हातात कोर्टाची नोटीस नव्हती की पोटगीचे कागद नव्हते. त्यांनी पिशवीतून मलमाची एक पिळून संपलेली ट्यूब काढली आणि टेबलावर ठेवली. मुलीच्या गालांवर वांगाचे डाग होते, वधू-वर परिचय मेळावा तोंडावर आला होता. औषधाच्या दुकानदाराने ही ट्यूब दिली. चिठ्ठी विचारली नाही, बिलही दिले नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, घरात आनंद झाला. चार महिन्यांनी चेहरा लालबुंद, उन्हात गेले की आग, गालांवर पुटकुळ्या आणि हनुवटीवर लव. मलम थांबवले की त्रास वाढायचा, लावले की शमायचा. ‘साहेब, त्या दुकानदारावर केस होते का?’ एवढाच ताईंचा प्रश्न होता.

केस होते. ती कशी, हे पुढे सांगूच. परंतु आमच्या वस्त्या-वस्त्यांतून अशा ट्यूबा घरोघरी आहेत, म्हणून आधी त्या ट्यूबमध्ये काय असते ते समजून घेतले पाहिजे.

त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्याने ठरतो. ऊन, गरोदरपण, संप्रेरकांतील बदल यांमुळे ते काही जागी जास्त साठले की वांग येतो. मुरूम, भाजणे, खाज यांनंतर राहणारे काळे डाग निराळे. मान आणि काखा काळ्या व जाडसर होणे हे तर अनेकदा वाढलेल्या वजनाचे आणि इन्सुलिनच्या बिघाडाचे लक्षण असते. तेथे क्रीम नव्हे, रक्तातील साखरेची तपासणी हवी. तिन्हींना एकच मलम देणारा दुकानदार उपचार करीत नाही, माल खपवितो.

आता उपायांची तुलना करू. पहिला आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे उन्हापासून बचाव. तो नसेल तर बाकीचे सारे पैसे पाण्यात. किमान तीस एसपीएफचे सनस्क्रीन आणि तेही दर दोन-तीन तासांनी लावावे, असे डॉक्टर सांगतात. सावळ्या त्वचेवर नुसत्या दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात. म्हणून वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी. पण रस्ता झाडणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या, शेतात निंदणी करणाऱ्या भगिनीला हा खर्च कोठून परवडणार? तिच्यासाठी पदर, ओढणी, रुंद काठाची टोपी हेच पहिले औषध, आणि ते कमी प्रतीचे नाही.

दुसरा गट सौम्य औषधांचा. ॲझेलेइक ॲसिड, नायसिनामाइड, कोजिक ॲसिड, क जीवनसत्त्व. यांचा गुण सावकाश येतो, दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. पण धोका कमी. गरोदर स्त्रीला त्यातल्या त्यात सुरक्षित म्हणून ॲझेलेइक ॲसिड दिले जाते. लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळणे मात्र घरगुती असले तरी सौम्य नव्हे. त्याने कातडी भाजते आणि भाजल्याचा नवा डाग उरतो.

तिसरे हायड्रोक्विनोन. डाग फिकट करण्यात हे प्रभावी, म्हणूनच ते ठरावीक मुदतीसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचे. वर्षानुवर्षे चोळत राहिल्यास त्वचेवर निळसर-काळी झाक येते आणि ती सहसा जात नाही. डाग घालवायला घेतलेले औषधच डाग देऊन जाते.

चौथे तिहेरी मलम. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र. मूळ सूत्रात स्टेरॉइड सौम्य होते आणि वापर काही आठवड्यांपुरता होता. आपल्याकडे त्या जागी मोमेटासोनसारखे जास्त ताकदीचे स्टेरॉइड घातलेली मलमे सर्रास विकली गेली. ताईंच्या ट्यूबवर हेच नाव होते. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, तिला त्याची सवय लागते. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ असे नावच दिले आहे. असे मलम एकाएकी फेकू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडवावे.

पाचवे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या. मुळात रक्तस्राव थांबवण्याचे हे औषध, हट्टी वांगावर कमी मात्रेत देतात. ज्यांना पूर्वी रक्ताची गाठ झाली आहे त्यांना ते चालत नाही. त्यामुळे शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. सहावे पील आणि लेसर. जाहिरातीत सर्वांत चकचकीत, खर्चाला सर्वांत जड. कुशल हातात उपयोगी. पण आपल्या सावळ्या त्वचेत मात्रा चुकली तर पूर्वीपेक्षा गडद डाग पडतात. वांग तर लेसरनंतरही परत येऊ शकतो. कर्ज काढून लेसर करू नये, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

आणि सातवा उपाय नव्हेच, ते विष आहे: पारा घातलेली गोरेपणाची क्रीमे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नाही, ती डबी घरात ठेवू नये.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे ‘अनुसूची एच’मध्ये आली, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ही तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. नुकसानभरपाईसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीत झळकणारा नटही त्यातून सुटत नाही. पण पुरावा? बिल घ्या, रिकामी ट्यूब जपून ठेवा, तिच्यावरील बॅच क्रमांकाचा आणि चेहऱ्याचा फोटो काढा. ताईंकडे ट्यूब होती, बिल नव्हते. तेवढ्यानेही लढाई अवघड होते.

येथवर कायदा झाला. पुढचा प्रश्न आपल्या घरचा आहे. त्या मुलीला वांग झाला होता, तो आजार होता, त्यावर उपचार योग्यच. पण दुकानदाराने तिला ‘गोरी’ करण्याचे आश्वासन दिले आणि आपण ते विकत घेतले. का घेतले? कारण आपल्याच मेळाव्याच्या फॉर्मवर ‘वर्ण’ हा रकाना छापलेला होता! बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात आर्यवंशाच्या सिद्धांताचा समाचार घेतला, वर्ण म्हणजे कातडीचा रंग हे म्हणणे पुराव्यानिशी खोडून काढले. आणि आपण मुलीच्या नावापुढे ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘सावळा’ लिहून घेतो, शिक्षणाचा रकाना त्यानंतर वाचतो. १९७५ पासून बाजारात असलेल्या गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून कंपनीने २०२० साली ‘फेअर’ हा शब्द काढला. कंपनीने शब्द बदलला. आपल्याला तो रकाना काढणे जमू नये?

डागावर औषध आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे, सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात जा. रंगावर औषध नाही, कारण रंग हा रोगच नव्हे. मेळावे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती एवढीच आहे: पुढचा फॉर्म छापायला देण्यापूर्वी तो रकाना खोडा. मंडळाच्या एका बैठकीत, एका ठरावाने हे होऊ शकते, आणि त्याला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.