आमरी आणि आमचें रसिकत्व

गेल्या ज्येष्ठांत नगर शहरांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं चहाला जाण्याचा योग आला. दिवाणखान्याच्या खिडकींत जांभळाच्या फांदीचा एक तुकडा तारेनें टांगलेला होता आणि त्याला बिलगून एक आमरी होती. इंग्रजी शिकलेले लोक जिला ऑर्किड म्हणतात ती. गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा तिचा तुरा अद्याप पुरता कोमेजला नव्हता. "हरिश्चंद्रगडच्या वाटेवरून आणली," असें स्नेही अभिमानानें म्हणाले. आम्हीं नापसंती दर्शविली, तेव्हां त्यांनीं एकामागून एक तीन उत्तरें दिलीं. ही वनस्पति कायद्याच्या यादींत नाहीं. तें झाडावरचें बांडगूळच आहे. आणि डोंगरांतले लोक राबासाठीं फांद्या तोडतातच, मग एक आम्हीं आणली तर काय बिघडलें? स्नेही पदवीधर आहेत, घरीं उत्तम ग्रंथसंग्रह आहे. म्हणूनच ह्या उत्तरांचा जाहीर समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

बांडगुळाचें आधीं संपवूं. बांडगूळ झाडाच्या लांकडांत मुळें रोवून त्याचा रस शोषितें. आमरी तसें करीत नाहीं. तिच्या मुळांवर स्पंजासारखें आवरण असतें, त्यांत ती पावसाचें व धुक्याचें पाणी धरून ठेवते. झाड तिला केवळ बसावयास जागा देतें. भाडेकरूस चोर म्हणण्यासारखाच हा न्याय झाला.

राबाची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागांत भाताचें व नाचणीचें रोप टाकण्यापूर्वीं वाफ्यावर डहाळ्या, पालापाचोळा व शेण पसरून जाळतात, तो राब. त्यासाठीं झाडांच्या फांद्या खांडल्या जातात व त्यांवरील आमऱ्याही जातात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो शेतकरी वर्षाच्या भाकरीसाठीं फांदी तोडतो आणि ती तोडतांना आमरी शोधीत फिरत नाहीं. आमचा रसिक मात्र नेमकी फुललेली, म्हणजे बीं धरण्याच्या बेतांत असलेली आमरीच निवडून काढतो. शंभर फांद्यांतील कोणती तोडावी हें ज्याला सौंदर्यदृष्टि शिकविते, त्याची कुऱ्हाड अधिक अचूक बसते! आणि दोष मात्र आदिवासींच्या माथीं.

राहिला कायदा. 1972 च्या वन्यजीव कायद्यांत वनस्पतींचें स्वतंत्र परिशिष्ट आलें तें 1991 सालीं, आणि त्या वेळीं त्यांत नांवें पडलीं अवघीं सहा. ईशान्येकडील निळी व तांबडी व्हँडा, लेडीज स्लिपर आमऱ्या, घटपर्णी, हिमालयांतील कुष्ठ आणि आंध्रांतील एक सायकस. ह्या सहांपैकीं एकही आमच्या डोंगरांत रानटी उगवत नाहीं. 2022 च्या दुरुस्तीनें परिशिष्टांची फेरमांडणी झाली. परंतु यादींत नांव नसणें म्हणजे धोका नसणें, हा समज कांहीं सुटला नाहीं. शिवाय आमच्या स्नेह्यांचें विधान वस्तुतः खोटें आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हें 1986 पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यांतून परवानगीवांचून वनस्पति उचलणें गुन्हाच आहे, मग तिचें नांव यादींत असो वा नसो.

भारतांत आमऱ्यांच्या 1256 जाती असल्याचें भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें 2019 सालीं प्रसिद्ध केलें. जागतिक लाल यादीकरितां त्यांतील बहुसंख्य जातींचें मूल्यांकनच झालेलें नाहीं. 'मूल्यांकन नाहीं' ह्याचा अर्थ आमचे लोक 'भय नाहीं' असा करितात. दुसरीकडे उत्साही मंडळी हबेनारिया रॅरिफ्लोरा हें नांव वाचून तिला दुर्मिळ ठरवून मोकळी होतात. सह्याद्रीच्या ओल्या उभ्या कातळावर पांढरीं फुलें धरणारी ही इवलीशी आमरी. तिच्या लॅटिन नांवाचा अर्थ केवळ 'विरळ फुलांची' एवढाच आहे. दुर्मिळता शब्दकोशांत सांपडत नाहीं. ती डोंगरांत जाऊन मोजावी लागते.

मोजणी कां हवी, तेंही सांगतों. आमरीच्या एका बोंडांत धुळीसारखीं हजारों बीजें असतात. पण त्यांत कोंबाची शिदोरीच नसते. विशिष्ट बुरशीचा आधार मिळाल्यावांचून तीं रुजत नाहींत, हें फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यानें 1899 सालीं दाखविलें. तेव्हां जुनें, खडबडीत सालीचें, शेवाळलेलें झाड गेलें कीं आमरीबरोबर तिची पाळणाघरेंही गेलीं. नवें रोप लावून ती जागा उद्यां भरून निघत नाहीं.

जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रधान व सिंह यांनीं 1999 सालीं प्रसिद्ध केला. त्याला आतां पाव शतक उलटून गेलें. रतनगड, घाटघर, पाचनई, कोकणकडा ह्या ठिकाणच्या आमऱ्यांची नवी गणना आमच्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनीं कां करूं नये? विद्यार्थी आहेत, सुटीही असते. आणि झाडन् झाड ओळखणारे महादेव कोळी वाटाडे तेथेंच राहतात. त्यांस योग्य मजुरी देऊन व त्यांचें नांव अहवालांत घालून हें काम करावें. सध्यां हे विद्यार्थी सहलीला जातात, काजवे पाहतात आणि वाळलेलें एखादें फूल वहींत चिकटवून गुण मिळवितात.

परवां स्नेही पुन्हां भेटले. नगरच्या कोरड्या हवेंत पानें सुरकुतलीं आहेत, कोणतें खत घालावें, असें विचारीत होते.