सनदेची झडती

अमेरिकेतील सिॲटल शहर ज्या किंग काउंटीत, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात, येते तिची सनद मतदारांनी १९६८ साली मंजूर केली. दहा वर्षांतून निदान एकदा नागरिकांच्या समितीने ती तपासलीच पाहिजे, असे सनदेतच लिहिले आहे. कुणी ओरड करण्याची वाट पाहावी लागत नाही. या सनदेने शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, नेमणुकीचा केला. १९९६ मध्ये मतदारांनी तो निवडणुकीचा केला, २०२० मध्ये पुन्हा नेमणुकीचा! धरसोड म्हणा हवे तर. मला ती जिवंतपणाची खूण वाटते. मात्र समितीच्या शिफारशी मतदारांपुढे ठेवायच्या की नाहीत, हे काउंटी परिषद ठरविते. ज्यांच्या अधिकारांची झडती घ्यायची, किल्ली त्यांच्याच कमरेला! त्या शिफारशी थेट मतपत्रिकेवर गेल्या पाहिजेत.