श्रद्धा आणि शोध

क्रांती चौकातील शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्यासमोरून आमचे पुष्कळ विद्यार्थी नित्य जातात. महाराजांविषयी काही नवे ऐकिले की त्यांतील चौकस मुलगा विचारितो, "यास पुरावा कोणता? बखर केव्हाची? लिहिणारा कोण?" या चौकसपणाचे आपण कौतुक करितो. परंतु हाच प्रश्न त्याने येशू ख्रिस्ताविषयी केला, तर कित्येक घरांत वडीलधारी मंडळी दचकतात. आमच्या मते दचकण्याचे काही कारण नाही.

येशू होऊन गेला, याविषयी आज इतिहासज्ञांत फारसा वाद नाही. पौलाची म्हणून निर्विवाद मानिलेली पत्रे सुमारे इ. स. ५० ते ६० मधील, म्हणजे क्रूसावरील मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांच्या आतील आहेत. मार्ककृत शुभवर्तमान बहुतेक विद्वान इ. स. ७० च्या सुमाराचे समजतात. रोमन इतिहासकार टॅसिटस हा ख्रिस्ती लोकांचा तिरस्कार करणारा. तरी पिलाताच्या अमलात ख्रिस्तास देहदंड झाला, हे त्याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहून ठेविले. त्या पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१ साली कैसरिया येथे सापडला.

आपले पैठण याच न्यायाने पारखिले जाते. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे लिहिले आहे. परकीयाची साक्ष तेथे ग्राह्य, तर येथे अग्राह्य का?

शोधाचे शस्त्र खोट्यासही सोडीत नाही. येशू तरुणपणी हिंदुस्थानात राहिला व त्याचे हस्तलिखित लडाखातील हेमिस मठात आहे, असे नोतोविच नामक लेखकाने १८९४ साली छापिले. मॅक्समुल्लरने त्याच वर्षी त्यावर आक्षेप घेतला. पुढील वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा असा ग्रंथच नाही, असे मठाधिपतींनी सांगितले. तरी ती कथा आज मुलांच्या मोबाइलवर फिरतेच. कारण पुरावा मागण्याची सवय त्यांस कोणी लाविली नाही.

मात्र इतिहासासही मर्यादा आहे. प्रभू पुन्हा उठला अशी शिष्यांची श्रद्धा फार आरंभापासून होती, इतके इतिहास सांगू शकतो. त्यापुढील पाऊल ज्याचे त्याने टाकावयाचे असते. जे इतिहासाचे नव्हे ते इतिहासाच्या नावावर खपवू नये, आणि इतिहास सांगत नाही एवढ्यावरून ते खोटेही ठरवू नये.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्या परिश्रमाने त्यांची भक्ती उणी झाली नाही. पालकहो, मुलाने प्रश्न केला तर त्यास गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर ग्रंथ उघडा. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही प्रश्न करून थांबू नका. उत्तर मिळेपर्यंत वाचा. जी श्रद्धा प्रश्नास भिते ती दुबळी, आणि जो प्रश्न उत्तराची वाट पाहत नाही तो केवळ उद्धटपणा होय.