टँकरवरचे पहिले वर्ष

बी. कॉम.चे पहिले वर्ष फार जड जाते, असे मी गेल्या साली घरात येता-जाता सांगत असे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला 'डेबिट' आणि 'क्रेडिट' यांचा अर्थ उमजेपर्यंत दिवाळी उजाडते, ही माझी तक्रार काही खोटी नव्हती. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आत्याकडे कोसाडला गेले आणि माझ्या आतेभावाचे, म्हणजे आमच्या दादाचे, टँकरवरचे पहिले वर्ष कसे गेले ते त्याच्या तोंडून ऐकले. तेव्हापासून ती तक्रार मी गुंडाळून ठेवली आहे.

कोसाड हे सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडे, अमरोलीला लागून असलेले गाव. आता ते महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि मुंबई-बडोदे मार्गावर त्याचे स्वतःचे छोटे स्टेशन आहे. आत्याचे यजमान इचलकरंजीला मागावर होते. तिथले काम आटले तेव्हा ते सुरतेच्या मागांवर गेले. मुलाला मात्र मागाचा खडखडाट नको होता. एकीकडे हजिरा आणि दुसरीकडे अंकलेश्वर, असे रसायनांचे दोन मोठे पट्टे जवळ असल्यामुळे त्या भागात टँकरवर माणूस नेहमीच हवा असतो. दादा आधी क्लीनर म्हणून चढला, उस्तादाच्या हाताखाली शिकला आणि एकविसाव्या वर्षी त्याच्या हाती चाक आले.

आपल्या वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. पण सुरतेजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच पुढे मुंबई, पुणे, कोल्हापूर, निपाणी करीत बेळगावला येतो. कॉलेजला येताना आपल्या एस. टी.ला मागे टाकून जाणाऱ्या टँकरवर कोण बसले आहे, याचा विचार आपण किती वेळा करतो? पुष्कळदा तो आपल्याच वयाचा असतो.

कायदा त्याच्याकडून काय मागतो ते आधी पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर जुना असावा लागतो. धोकादायक माल न्यायचा तर १९८९ च्या नियमांनुसार तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. शिवाय त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी, अशीही अट आहे. अट उत्तम आहे. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला किती इंग्रजी वाचता येते, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तीन दिवसांत जे शिकवून होत नाही ते रस्ता शिकवतो. धान्याचे पोते ठेवले तिथे बसते, पातळ माल बसत नाही. ब्रेक दाबला की गाडी थांबते, पण आतला माल थांबत नाही. तो मागून येऊन गाडीला धक्का देतो. वळणावर तो बाहेरच्या अंगाला धावतो आणि गाडीला उलथू पाहतो. टाकीच्या आत भोके ठेवलेले आडवे पडदे असतात. ते पुढचा-मागचा हेलकावा मोडतात, बाजूचा हेलकावा फारसा अडवीत नाहीत. म्हणून अर्धवट भरलेली गाडी सर्वांत वाईट. नवख्याला वाटते, ओझे कमी म्हणजे काम सोपे. दादालाही तसेच वाटले होते. कामरेजच्या बाजूला एका वळणावर त्याचे मत बदलले.

दुसरा धडा रिकाम्या गाडीचा. दादा मेथेनॉल नेतो. फलकावर त्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १२३० असतो, जसा पेट्रोलचा १२०३ आणि स्वयंपाकाच्या गॅसचा १०७५. मेथेनॉलची ज्वाला भर उन्हात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. माल उतरला तरी टाकीत वाफ उरते, आणि पेट घ्यायला वाफच पुरते. 'रिकामी आहे' म्हणून आत उतरून पुसायला जाणारा माणूस गुदमरून पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला त्याच्या शेजारी पडतो. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, तेव्हा चार माणसे दगावली. खबरदारी ही पुस्तकातली गोष्ट नव्हे, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरे.

पण मला खरे बोलायचे आहे ते तिसऱ्या धड्याविषयी. पहिल्या वर्षी गाडीपेक्षा माणसे अवघड जातात.

पहिल्याच महिन्यात दादाच्या वीस टनांच्या मालात चाळीस किलोंची तूट निघाली. पाचशेत एक! भरला तो वजनकाटा वेगळा, उतरला तो वेगळा, टाकीच्या तळाशी राहिलेला माल वेगळा. पण तूट दादाच्या भत्त्यातून वळती झाली. त्याच्याजवळ दाखवायला कागद नव्हता. वाणिज्य शाखेत आम्हांला शिकवतात की जो जोखीम घेतो त्याला नफा. इथे जोखीम चालकाची, नफा इतरांचा, आणि तोटा आला की तो पुन्हा चालकाच्या खाती! ही कोणती जमाखर्चाची रीत?

तीच गोष्ट तासांची. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घालून दिली होती. लांब पल्ल्यासाठी फार तर दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला आहे, पण आठ तासांचे तत्त्व कायम आहे. मात्र पैसे फेरीवर मिळत असतील तर तास मोजणार कोण? कारखान्याच्या दारात भरण्यासाठी सहा-सात तास ताटकळायचे, ते 'काम' नव्हे. आणि तो गेलेला वेळ रात्रीच्या झोपेतून भरून काढायचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मालमोटारींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट आहे. दादाची गाडी जुनी. तिला थंड हवा नाही आणि वर झोपही नाही.

अपघात झाला तर? पळावे तर गुन्हा, थांबावे तर जमावाचा मार. मोटार वाहन कायद्याचे १३४ वे कलम चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी असे सांगते. पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर, अशी सवलतही त्यातच दिली आहे. जवळच्या पोलीस ठाण्याला मात्र लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, खबर द्यायलाच हवी. ही गोष्ट किती नव्या चालकांना कोणी समजावून सांगितली असेल? भारतीय न्याय संहितेत पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी चाके थांबवली. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतले टँकरही उभे राहिले. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या तेव्हा आपण सर्वांनी त्यांना नावे ठेवली. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. रांगेत उभे असताना त्यांची भीती काय आहे, हे मीसुद्धा विचारले नव्हते, हे इथे कबूल करते.

आणि शेवटी मोह आणि धाक. ढाब्यावर कोणीतरी हळूच विचारतो, 'दोन बादल्या देतोस का?' हा प्रश्न किरकोळ नाही. याच मनमाड भागात इंधनातील भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आले. दोन बादल्यांची वाट कुठवर जाते, ते त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. सुरतेची गोष्ट तर दादाच्या घरापासून फार लांबची नाही. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले. त्यातून विषारी वायू पसरला, शेजारच्या गिरणीतले सहा कामगार गेले आणि वीसहून अधिक रुग्णालयात पडले. टँकरची तोटी फिरवायला एक हात पुरतो.

दादाच्या दहाव्या महिन्यात त्यालाही एका रात्री सांगण्यात आले, 'धुतलेले पाणी बाहेरच्या बाहेर सोडून ये.' त्याने सांगितले, 'जमणार नाही.' नऊ दिवस त्याला फेरी मिळाली नाही. आत्याने त्या नऊ दिवसांत शेजारणीकडून उसने पैसे घेतले. शेवटी त्याने कमी पगारावर दुसऱ्या यार्डात काम धरले. मला विचाराल तर पहिल्या वर्षाची परीक्षा ही होती, आणि तो तीत उत्तीर्ण झाला. पण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि गुणपत्रिकाही मिळाली नाही.

मालकांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. गाडीचे हप्ते असतात, डिझेल रोखीने घ्यावे लागते, भाडे महिनोन्‌महिने थकते. परंतु ज्या धंद्याचा हिशोब नवख्या मुलाच्या झोपेवर आणि भीतीवर जुळतो, तो हिशोब कागदावर बरोबर असला तरी खोटाच म्हणावा लागेल. म्हणून माझे मत असे की नव्या चालकाला पहिल्या दिवशी तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत: त्याला वाचता येईल अशा भाषेत मालाची माहिती, थांबण्याचे तासही धरून कामाची नोंद, आणि भलतेच काम नाकारले तर फेरी बुडणार नाही अशी लेखी हमी.

तिसरी गोष्ट आपल्या हाती नाही. पहिल्या दोन आहेत. कोसाडला असताना मी दादाला एक वही आखून दिली: तारीख, भरल्याचे वजन, उतरल्याचे वजन, सीलचा क्रमांक, पोहोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तूट निघाली तेव्हा त्याने ती वही उघडून दाखवली आणि कपात अर्ध्यावर आली. केबिनमधले आपत्कालीन सूचनांचे इंग्रजी कार्डही मी मराठीत उतरवून दिले: गळती झाली तर वाऱ्याच्या कोणत्या अंगाला उभे राहायचे, अंगावर उडाले तर काय करायचे. ते पाहून त्याच यार्डातला विजापूरकडचा एक चालक म्हणाला, 'अक्का, मला कन्नडात द्या.' त्यालाही दिले. सांगायला अभिमान वाटतो की दोन भाषा येण्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच खरा उपयोग झाला.

आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी छापले जातात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. यंदा प्राध्यापकांनी मनावर घेतले आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मजकूर तपासून दिला, तर दोन्ही भाषांतली अशी कार्डे आणि वह्या घेऊन महामार्गावरच्या ढाब्यांवर एक दिवस बसता येईल. मेथेनॉल, पेट्रोल, गॅस, आम्ल, अशी चार कार्डे झाली तरी सुरुवात होईल. निदान आपल्या दारावरून जाणाऱ्या मुलाला आपण काय वाहून नेतो आहोत, हे तरी वाचता येईल.

दादाचे दुसरे वर्ष सुरू झाले आहे. परवा त्याचा फोन आला होता. वही भरत आली आहे, नवी आखून पाठव म्हणाला.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष