उटणे, स्क्रब आणि वैनगंगा

भंडाऱ्याहून पूर्वेकडे वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. पावसाळ्यात नदीची पातळी सांगणाऱ्या बातम्यांत या गावाचे नाव हमखास येते आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीचा महापूर भंडारेकर अजून विसरलेले नाहीत. एरवी हीच नदी शांतपणे वाहत असते. घराघरांतील न्हाणीचे पाणी गटारातून, नाल्यातून वाट काढत अखेर उताराने तिच्याकडेच जाते. चेहऱ्यावरची मृत त्वचा काढण्याच्या विषयाला नदीपासून आरंभ करणे काहींना विचित्र वाटेल. परंतु श्रावकाच्या घरी हा विषय तेथवर पोहोचल्यावाचून राहत नाही.

प्रथम शरीराचे पाहू. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरातील पेशी मृतच असतात. खालून नव्या पेशी वर सरकतात आणि जुन्या आपोआप गळून पडतात. तरुण वयात या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात, वयपरत्वे अधिक. म्हणजे निसर्ग हे काम करीतच असतो. आपण फार तर आठवड्यातून एकदा-दोनदा हलक्या हाताने त्याला साहाय्य करावे. रोज खसखसून घासणारे स्वच्छतेच्या नावाखाली त्वचेचे संरक्षक आवरणच खरवडून काढतात. सावळ्या त्वचेवर अशा घर्षणाचे काळे डाग पुढे महिनोन्महिने राहतात. मुरुमांनी लाल झालेल्या चेहऱ्यावर तर खरखरीत काहीही फिरवू नये. मधुमेही ज्येष्ठांनी टाचांवर वजरी जपून वापरावी; पायाची संवेदना कमी झाली असेल तर जखम झाल्याचे कळतही नाही.

लग्नसराई जवळ आली की उपवर कन्येच्या मागे लागणारा ‘घास म्हणजे उजळशील’ हा उपदेश मात्र सर्वथा निराधार आहे. त्वचेचा वर्ण ठरविणारे रंगद्रव्य मृत पेशींच्या थराखाली, खोलवर तयार होते. घासण्याने कोरडेपणा आणि मळ जाईल, वर्ण बदलणार नाही. या हट्टापायी किती मुलींनी चेहऱ्याची आग सोसली असेल, याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करावा.

घासण्याऐवजी आम्लांनी मृत पेशी सैल करण्याचाही मार्ग आहे. उसातही आढळणारे ग्लायकॉलिक आम्ल त्यांपैकीच एक. याने त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. पारा पंचेचाळीसच्या घरात जाणाऱ्या वैदर्भीय उन्हाळ्यात अशी द्रव्ये वैद्यकीय सल्ल्यावाचून वापरणे शहाणपणाचे नव्हे.

आता आचाराचा प्रश्न. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे, बावीस परीषहांत मलपरीषह आहे आणि बारा भावनांत अशुचिभावना आहे. देहाच्या शृंगाराकडे पाहण्याची आपली दृष्टी यातून पुरेशी स्पष्ट होते. गृहस्थाला अस्नानाचे व्रत नाही. त्याने स्वच्छ राहावे, परंतु विवेकाने. पत्रिकांतील घरगुती कृतींत मध सर्रास सांगितलेला असतो. मधाचा त्याग केलेल्या घरी तो न्हाणीतही कशाला हवा? बेसन आणि कच्चे दही यांचा लेपही असाच रूढ आहे. द्विदलाचा नियम आहाराचा आहे, लेपाचा नव्हे, हे खरे. तरी ज्यांना हे मिश्रण हाताळणेही रुचत नाही त्यांनी बेसन पाण्यात किंवा गुलाबपाण्यात कालवावे, गुण तोच येतो. मुलतानी माती चालते का, हा प्रश्न पृथ्वीकायाची जाणीव असलेल्या आजीबाई विचारतात आणि त्या प्रश्नाला हसू नये. मसूर डाळीचे बारीक वस्त्रगाळ पीठ, किंचित हळद, चमचाभर तेल एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते.

बाजारच्या बाटल्यांची गोष्ट निराळी. त्यांत मोत्यांची भुकटी असू शकते, किरमिजी कीटकांपासून काढलेला कारमाइन रंग असू शकतो. हिरवा किंवा तांबडा ठिपका पाहून निश्चिंत व्हावे तर खाद्यपदार्थांप्रमाणे प्रसाधनांवर तो प्रत्येक वेळी आढळतोच असे नाही. घटकांची यादीच वाचावी लागते. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, हे समाधानाचे. पण हिंसेचा आणखी एक, न दिसणारा प्रकार उरतो. अनेक स्क्रबांत वर्षानुवर्षे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी घातले जात. चेहरा धुतला की ते मोरीत, तेथून नदीत. ते कुजत नाहीत. मासे त्यांना अन्न समजून गिळतात. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतून हे मणी हद्दपार करण्याचे ठरविले. भारतीय मानक ब्युरोनेही त्यांना प्रसाधनांसाठी असुरक्षित ठरविले. कारध्याच्या खाली वैनगंगा गोसीखुर्दच्या जलाशयात अडते, आणि तेथवर नागपूरचे सांडपाणीही नागनदी व कन्हानमार्गे येऊन मिळते. जे आपण सोडले ते तेथेच साचणार.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येची गणना केली आहे: निष्प्रयोजन भूमी खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे. दोन मिनिटांच्या गुळगुळीतपणासाठी जलचरांच्या पोटात प्लास्टिक घालणे याहून निष्प्रयोजन ते काय असणार? तोंड घासताना नळ मोकळा सोडणेही त्याच सदरात येते; पाणी गाळून वापरणाऱ्या परंपरेत ते विशेष खटकते.

ज्यांचे प्रसाधनांचे दुकान आहे त्यांच्यावर थोडी अधिक जबाबदारी येते. मागच्या फळीवर राहिलेला जुना माल एकदा खाली काढावा आणि घटकांत ‘पॉलिएथिलीन’ हा शब्द शोधावा. स्क्रबवर तो सापडला तर दिवाळीच्या सवलतीत खपविण्याचा मोह टाळून माल वितरकाकडे परत करावा. तो परत घेत नसेल, तर तेवढे नुकसान वहीत मांडून मोकळे व्हावे. बाटल्या मात्र मोरीत रिकाम्या करू नयेत.