सोंग वठवण्याचे शिक्षण



बारावीचा निकाल लागला की रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात घरोघर एकच विषय निघतो : पोरगा किंवा पोरगी पुढे काय शिकणार? नर्सिंग, डीएड, कृषी पदविका, पोलीस भरती ही नावे आईबापांच्या ओळखीची झाली आहेत. पण अलीकडे एखादी मुलगी हळूच सांगते, "मले मेकअपचा कोर्स करायचा हाय. नवरीचा नाही, सिनेमाचा." मग बाप कपाळाला हात लावतो. "तोंडाले रंग फासाले शिकाचं, अन् त्यासाठी लाखभर रुपये भराचे?"

बापाचा प्रश्न चुकीचा नाही. सोयाबीनचे पैसे कसे येतात हे त्यालाच ठाऊक असते. पण पोरीला हो किंवा नाही म्हणण्यापूर्वी हे शिक्षण कशाचे आहे, एवढे तरी आपण समजून घ्यावे. म्हणून आज त्याच विषयावर चार गोष्टी.

सोंग ही आपल्याला नवी गोष्ट नाही. बहुरूपी दारात येई तेव्हा खराखुरा फौजदार आला असे वाटून माणसे उठून उभी राहत. भारुडात, दंडारीत, गावच्या नाटकात पुरुषच लुगडे नेसून बाई होत. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केले. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या! रंग, केस आणि कपडे यांच्या बळावर एकच माणूस दोन माणसे होतो, ती ही विद्या.

पुढे हीच विद्या आपल्या मराठी माणसांनी फार उंच नेली. पंढरीदादा जुकर यांनी कित्येक दशके हिंदी चित्रपटातल्या मोठमोठ्या नटनट्यांचे चेहरे रंगवले आणि नव्या पोरांना शिकवलेही. २०२० साली ते गेले. विक्रम गायकवाड यांनी २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटात सुबोध भावे यांना बालगंधर्वांचे स्त्रीरूप दिले आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मे २०२५ मध्ये तेही आपल्यातून गेले.

आता कॉलेजात शिकवतात काय ते पाहू. मीडिया मेकअप म्हणजे कॅमेऱ्यापुढची रंगभूषा. दिव्याच्या उजेडात चेहरा तेलकट किंवा फिकट दिसू नये, हा त्यातला सोपा भाग. खरी परीक्षा पुढे असते. सिनेमाची दृश्ये ओळीने चित्रित होत नाहीत. आज मारामारीनंतरचे दृश्य, तर आठ दिवसांनी मारामारी, असे चालते. त्यामुळे कपाळावरची जखम प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच मापाची आणि त्या दिवसाच्या रंगाची असावी लागते. मुका मार आधी लाल, मग काळानिळा, पुढे हिरवट आणि शेवटी पिवळा पडतो, हे शेतात राबणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत आहे. तेच या विद्यार्थ्याला वहीत टिपून, फोटो काढून, रंगात उतरवावे लागते.

स्पेशल इफेक्ट्स मेकअप हा त्याच्या पुढचा टप्पा. तरुण नटाला म्हातारा करायचे, भाजलेला चेहरा दाखवायचा, टक्कल करायचे, तर नुसता रंग पुरत नाही. आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा घेतात. त्यासाठी समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेट नावाची पूड पाण्यात कालवून तोंडावर लावतात. दातांचे डॉक्टर माप घ्यायला जी वापरतात तीच ही वस्तू. काही मिनिटांत ती घट्ट होते. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या. त्या साच्यात प्लास्टर ओतून नटाचा हुबेहूब मुखवटा करतात, त्यावर मातीने सुरकुत्या किंवा जखम घडवतात, तिचा पुन्हा साचा काढतात आणि त्यात सिलिकॉन, जिलेटिन किंवा रबराचा फेस भरून पातळ कातडी तयार करतात. ही कातडी नटाच्या चेहऱ्यावर खास डिंकाने चिकटवून तिच्या कडा दिसणार नाहीत अशा मिटवायच्या आणि मग रंगवायच्या. 'पा' या २००९ च्या चित्रपटात अमिताभ बच्चन अकाली म्हातारपणाचा आजार झालेला बारा वर्षांचा मुलगा दिसले, ते असल्याच कामामुळे. ते काम परदेशातून आलेल्या तज्ज्ञांनी केले होते.

म्हणजे या शिक्षणात चित्रकला आहे, मूर्तिकाम आहे आणि रसायनशास्त्रही आहे. पोळ्याला मातीचे बैल सुबक घडवणारा हात इथे उपयोगी पडतो. पण नुसता हात पुरत नाही. एका जातीचे सिलिकॉन गंधकाच्या किंवा रबरी मोज्यांच्या संपर्काने घट्टच होत नाही, चिकट राहते आणि महागडा माल वाया जातो. असे का होते, हे ज्याला कळते तोच पुढे टिकतो.

आईबापांनी आणि गॅदरिंग बसवणाऱ्या गुरुजींनीही लक्षात ठेवावे अशा काही गोष्टी याच शास्त्रातून मिळतात. जुन्या नाटकमंडळींच्या पेटीत सफेदा, हिंगूळ आणि मुर्दाडशिंग असे. हिंगुळात पारा असतो आणि मुर्दाडशिंगात शिसे. दोन्ही विषारी आहेत, ती आज कोणाच्या तोंडाला लावू नयेत. घराच्या दाराचा ऑइल पेंट पोरांच्या अंगाला फासू नये. गणपतीचे प्लास्टर ऑफ पॅरिस थेट कातडीवर लावून साचा काढू नये, कारण घट्ट होताना ते तापते आणि भाजते. नवा रंग किंवा डिंक असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. खाज आली, लाल झाले, तर तो वापरू नये.

पोरीच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. मुंबईच्या चित्रपट व्यवसायात कित्येक वर्षे असा नियम होता की बाईने केस करावेत, रंगभूषा मात्र पुरुषानेच करावी. संघटना बाईला रंगभूषेचे कार्डच देत नसे. चारू खुराना या अमेरिकेत ही विद्या शिकून आलेल्या बाईंनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला. महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अटही त्याबरोबर गेली. तेव्हा "हे बायकांचे काम नाही" असे आता कोणी म्हणाले तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही.

आता पैशाचा हिशेब. या धंद्यात महिन्याचा पगार क्वचित असतो. काम मिळाले त्या दिवसाची मजुरी, मग कधी महिनाभर रिकामे. आपली कोरडवाहू शेतीच म्हणा ना! म्हणून शहाणा शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीचे तास घेतो तसे करावे. लग्नसराईतला नवरीचा मेकअप हे सोयाबीन, लवकर हाती येणारे. नाटक-सिनेमाचे काम ही तूर, तिला वेळ लागतो. विदर्भातच झाडीपट्टीत धानकापणीनंतर महिनोन्‌महिने नाटके चालतात, वडसा हे त्यांचे मोठे केंद्र. तिथेही रंगवणारा लागतोच. शिवाय ज्यांचा कान किंवा नाक आजाराने, अपघाताने गेले त्यांना सिलिकॉनचे अवयव करून देण्याचे कामही याच विद्येच्या शेजारचे आहे. पहिल्या महायुद्धात तोंडावर जखमा झालेल्या सैनिकांना ॲना कोलमन लॅड या शिल्पकार बाईने पॅरिसमध्ये असेच मुखवटे करून दिले होते.

शिकायचे कुठे? परदेशात, लंडन कॉलेज ऑफ फॅशनसारख्या ठिकाणी, या विषयाची पदवी आहे. आपल्याकडे दहावीनंतर आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काही ठिकाणी असतो. त्यात त्वचा, केस आणि स्वच्छता यांचा पाया पक्का होतो आणि फी थोडी लागते. आधी हे करून पाहावे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात रंगभूषा नाट्यशिक्षणाचा भाग म्हणून शिकवतात. मुंबई-पुण्यात खासगी संस्था पुष्कळ आहेत, आणि फसगतही तिथेच होते.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी बापाने पोरीबरोबर स्वतः जावे आणि विचारावे : शिकवणाऱ्याने कोणत्या चित्रपटात, नाटकात काम केले, नाव पडद्यावर आले का? साचा काढण्याचे काम विद्यार्थी स्वतः करतो की नुसते पाहतो? सामानाचा खर्च फीत धरला आहे का? प्रमाणपत्र कोणाचे? मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात का? मागच्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी बोलू देता का? या प्रश्नांना कागदावर उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील त्याच्या दारातून परत फिरावे. नोकरीची हमी देणाऱ्याच्या दारातून तर आधी फिरावे. या धंद्यात अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

आणि शेत गहाण टाकून हे शिक्षण घेऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पोरीने आधी सहा महिने घरी चेहरे काढावेत, मातीचे नाक-कान घडवावेत, गावच्या नाटकात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये रंगवून पाहावे. प्रत्येक कामाचा आधीचा आणि नंतरचा फोटो जपून ठेवावा. उद्या काम मागायला जाताना प्रमाणपत्राआधी हेच फोटो पाहतात. सहा महिन्यांनंतरही तिचा हात थांबला नसेल, तर मग बापाने आयटीआयचा अर्ज आणायला रिसोडला किंवा वाशीमला अवश्य जावे.