भाऊकाकांची ३१५ आणि तिचा वारस

आपल्या लश्करातल्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की शिकारीचा विषय येतोच येतो. फाळके बाजार असो नाहीतर महाडिक की गोठ, कुणाच्या तरी दिवाणखान्यात तो एक फोटो असतोच. खाली पडलेला वाघ, त्याच्यावर टेकवलेला बूट, मागे फेटेवाली मंडळी, आणि अगदी कडेला अर्धे कापले गेलेले आपले पणजोबा. त्यांनी गोळी झाडलेली नसते, हाक्याचा बंदोबस्त तेवढा केलेला असतो. फोटोखाली तारीख असते, वाघाची लांबी असते, पाहुण्या साहेबाचं नाव असतं. रायफल कुठली होती, कशी चालायची, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. मला विचाराल तर त्या सगळ्यात ऐकण्यासारखी गोष्ट तीच आहे.

हे आत्ता लिहायचं कारण घरगुती आहे. आमच्या भाऊकाकांची ३१५ बोअरची रायफल त्यांच्यानंतर दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, नावावर आली. दादाची सत्तरी उलटली. नियमांप्रमाणे आता तो हयातीतच ती वारसाच्या नावे करायचा अर्ज देऊ शकतो. मुलगा म्हणतो, विकून टाका, कुणाला हवी आहे ती ब्याद. मुलगी म्हणते, मला हवी. वहिनी म्हणतात, मुलीच्या जातीला बंदूक कशाला. दादाने मला विचारलं, "तुझं काय मत?" माझं मत चार वाक्यांत सांगता येण्यासारखं नाही, म्हणून इथे मांडतो.

आधी रायफलबद्दल. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात "तीनसौ पंद्रह" कुणाला समजावून सांगायला नको, पण बडोद्याच्या किंवा बेळगावच्या मंडळींसाठी सांगतो. ही इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल. आतलं यंत्र लष्कराच्या ली-एनफिल्डचंच, फक्त काडतूस वेगळं. लष्कराचं ३०३ काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये हे इंग्रजांचं धोरण, म्हणून नागरिकांसाठी ३१५ आली आणि स्वातंत्र्यानंतरही तीच चालू राहिली. बोल्ट ओढायचा, पाच काडतुसं भरायची. दुर्बीण नाही, पुढे मक्खी आणि मागे खाच. दिसायला काही देखणी नाही. इंग्रजी कंपन्यांच्या नक्षीदार रायफलींसमोर ती म्हणजे पैठणीशेजारी इरकल.

भाऊकाका पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. श्योपूर-शिवपुरी भागात बदल्या. लग्न केलं नाही. १९६१ मध्ये ही रायफल घेतली तेव्हा, ते सांगायचे, शंभर यार्डांवर ती चार बोटं उजवीकडे मारायची. दुसरा कुणी म्हणाला असता, ठीक आहे, डावीकडे धरून मारू. काका तिला बाड्याजवळच्या एका मिस्त्रीकडे घेऊन गेले. त्याने पितळेच्या हातोडीने मक्खी केसभर उजवीकडे सरकवली. (हो, उजवीकडेच. गोळी जिकडे जाते तिकडे मक्खी सरकवायची, मागची खाच असेल तर उलट. हे मला लहानपणी कितीतरी दिवस कळत नव्हतं.) मग पुन्हा टेकडीला लावलेल्या कागदावर गोळ्या, पुन्हा हातोडी. या उद्योगात वीस काडतुसं गेली. परवान्यावर वर्षाला मोजकीच काडतुसं मिळायची, आणि ओव्हरसियरचा पगार तो केवढा. आजी चिडायची, "तेवढ्यात घरात पंखा आला असता!"

पण त्या विसाव्या गोळीनंतर जे झालं त्यालाच मी आकर्षण म्हणतो. रायफल बसली. आता गोळी कुठे जाणार हे तिला ठाऊक होतं आणि काकांनाही ठाऊक होतं. यानंतर चुकलं तर ते काकांचंच चुकणार होतं, हत्याराच्या नावाने बोटं मोडायची सोय उरली नाही. लोकांना वाटतं अचूक बंदूक हातात आली की माणूस ताकदवान होतो. काकांकडे पाहून मला उलटं वाटायचं, की माणूस बांधला जातो.

आणि ती तशीच राहावी म्हणून किती सांभाळायचं! पावसाळ्यात लाकूड फुगतं, नळीला टेकतं, आणि गोळीची जागा हलते. म्हणून दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की हळदकुंकू पुसून दुसऱ्या दिवशी कागदावर दोन गोळ्या ठरलेल्या. काडतुसांचा नवा डबा आला की त्यातली दोन कागदावर, कारण डबा बदलला की गोळीची जागा बदलू शकते. तेल लावून ठेवलेल्या नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाऊ शकते, म्हणून जंगलात निघण्याआधी कोरड्या चिंधीने नळी पुसायची. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळीला गंज चढवायचा, म्हणून परत आल्यावर उकळतं पाणी नळीतून ओतायचं, मग फुलतरूने चिंधी ओढायची, मग तेल. दमून रात्री दोनला आले तरी आधी पाणी चुलीवर, मग जेवण. घरातल्या बायकांना हा सगळा प्रकार सोवळ्याओवळ्यासारखाच वाटायचा, आणि तो तसा होताही.

काकांची एक वही आहे, खात्याच्या मापनवहीसारखी आखलेली. तारीख, जागा, जनावर, अंतर, उजेड, निकाल. १९६१ ते १९७२. मी ती दोनदा मोजली आहे. रायफल खांद्याला लावल्याच्या नोंदी ६३. गोळी झाडल्याच्या २२. उरलेल्या ४१ नोंदींपुढे एकच शब्द आहे, "सोडलं". सांबर, शिंगं उत्तम, अंतर दीडशे, उजेड गेला, सोडलं. चितळ, मागे दुसरं उभं, सोडलं. नीलगाय, गवत आड, सोडलं. रायफलवर भरवसा नसता तर यातल्या निम्म्या वेळा त्यांनी गोळी घातली असती असं मला वाटतं, कारण मग लागली तर लागली असा हिशेब असतो.

एक नोंद वाईट आहे. १९६६, चितळ, गोळी मागच्या पायाला. नवा डबा न तपासता नेला होता. दोन दिवस ते रक्ताच्या थेंबांमागे फिरले, सापडलं नाही. त्या वर्षी पुढे एकही नोंद नाही.

जखमी जनावर सोडून येण्याला काका इतके का भ्यायचे हे कळायला कॉर्बेट वाचावा. १९४४ साली निघालेल्या त्या कुमाऊँच्या नरभक्षकांच्या पुस्तकात चंपावतच्या वाघिणीची हकीकत आहे. नेपाळात २०० आणि इकडे २३६ अशी ४३६ माणसं तिच्या नावावर. १९०७ मध्ये तिला मारल्यावर कॉर्बेटने तोंड पाहिलं तर उजवीकडचे वरचे-खालचे सुळे मोडलेले. कुणाच्या तरी जुन्या गोळीने. धड शिकार करता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली, असं त्याने लिहिलं आहे. कुणीतरी एकाने अंदाजे चाप ओढला आणि घरी गेला. त्याचं नावही कुणाला माहीत नाही.

त्याच हकीकतीत पुढे आणखी एक प्रसंग आहे. कॉर्बेटने फक्त तीन काडतुसं बरोबर नेली होती, ती संपली, आणि जखमी वाघीण समोर. तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. तिची नळी आणि मागचा भाग यांत चांगली बोटाएवढी फट. वीसेक फुटांवरून उघड्या जबड्यावर धरलेली गोळी लागली पंजाला! वाघीण तोवर संपत आली होती म्हणून तो वाचला. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी त्याला रिग्बी कंपनीची २७५ रायफल बक्षीस दिली, आणि ती पुढे आयुष्यभर त्याची लाडकी झाली. फटीच्या बंदुकीने जीव टांगणीला लागलेल्या माणसाला अशी रायफल हातात घेताना काय वाटलं असेल, याचा विचार मी बरेचदा करतो. आपल्याकडच्या केनेथ अँडरसनचंही तसंच, बंगळूरचा हा माणूस जन्मभर विंचेस्टरच्या ४०५ ला धरून राहिला. जंगलात एकटं जाणाऱ्याला दहा रायफली नको असतात, ओळखीची एकच हवी असते.

आता माझ्याच म्हणण्यातली अडचण सांगतो, नाहीतर पुतण्या सांगेलच. अचूक रायफल म्हणजे संयम, असं काही समीकरण नाही. सरगुज्याच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून जास्त वाघ सांगतात. आपल्या देशातले शेवटचे तीन चित्ते १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारले, रात्री, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात. तिन्ही भाऊ एका जागी पडले. म्हणजे रायफल उत्तम होती आणि नेमही उत्तम होता. पुढे ७५ वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून आपल्याच श्योपूरच्या कुनोत सोडावे लागले, ज्या भागात काका "सोडलं, सोडलं" लिहीत फिरत होते. तेव्हा गुण लोखंडात असतो असं मी म्हणणार नाही. पण काकांसारख्या माणसाच्या हातात ती रायफल पडते तेव्हा त्याच्यातल्या काटेकोरपणाला ती जागा देते, एवढं नक्की. बेभरवशाच्या हत्याराबरोबर काटेकोर राहताच येत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वही थांबली. शेवटची नोंदही "सोडलं"च आहे, पण तो योगायोग. कायदा योग्यच होता, काकाही तसंच म्हणायचे, आणि त्यात हळहळ करण्यासारखं काही मला दिसत नाही. शिवपुरीच्या माधव उद्यानाला २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, हे ऐकायला काका हवे होते.

बंदी आल्यावर काकांनी रायफल विकली नाही. वर्षातून एकदोनदा रायफल क्लबच्या मैदानावर जाऊन कागदावर पाच गोळ्या मारायचे आणि कागद वहीत चिकटवायचे. हेच मला सगळ्यात जास्त पटतं. शिकार गेली तरी ओढ गेली नाही, म्हणजे ती जनावर मारण्याची नव्हतीच. निदान सगळी नव्हती.

आज आपल्या भागात या रायफलीचं काय झालंय ते तुम्ही पाहताच. लग्नाच्या वरातीत खांद्यावर, मोटारीच्या मागच्या सीटवर, मोबाइलच्या फोटोत. आकाशात गोळ्या झाडणाऱ्याला विचारा, शंभर यार्डांवर तुझी कुठे मारते? त्याला माहीत नसतं, कारण त्याने कधी कागदावर मारलेलीच नसते. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते, आणि दरवर्षी कुणाचा नवरामुलगा, कुणाचं गच्चीवरचं पोर जातं. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवला, तरी बार ऐकू येतातच. त्याच दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोनच शस्त्रं केली. मला तर वाटतं, परवाना नूतनीकरणाला येणाऱ्याने कागदावर पाच गोळ्या मारून तो कागद अर्जाला जोडावा. अर्धे परवाने तिथेच गळतील.

निवडणुका आल्या की रायफल ठाण्यात जमा. तेही ठीक, कायदा आहे. एकदा मालखान्यातून परत आली तेव्हा नळीत तांबूस गंज. दादा चिडला नाही, घासत बसला. तेव्हा त्याच्याबरोबर चिंध्या फाडून देत बसली होती ती त्याची मुलगी, दहा-बारा वर्षांची. आज ती २६ ची आहे, सात वर्षं पॉइंट टू टूने कागदावर नेम धरते आहे. मागच्या दिवाळीत तिने काकांची वही मागून नेली आणि परत देताना मला विचारलं, "काका, आजोबांनी वाऱ्याची नोंद का नाही ठेवली?" इतक्या वर्षांत हा प्रश्न घरातल्या एकाही पुरुषाला पडला नव्हता, मला धरून.

तेव्हा दादा, माझं मत असं. पुतण्याला विकायची आहे कारण त्याला ती ओझं वाटते, आणि ज्याला ओझं वाटतं त्याच्या घरात रायफल असूच नये, इथपर्यंत त्याचं बरोबर आहे. ज्या घरांत ती फक्त भिंतीसाठी आहे त्यांनी ती परवानाधारक दुकानात जमा करावी, हे मी नातेवाइकांनाही सांगत आलो आहे. पण आपल्या घरात तिला उघडून, पुसून, कागदावर तपासून पाहणारं माणूस आहे. वहिनींना सांग, शस्त्रपूजेला हळदकुंकू कोण लावतं घरात? मग नळी पुसायला हरकत काय. अर्ज तिच्या नावाने कर, बाकीच्यांची हरकत नसल्याची सही मी मिळवून देतो, पुतण्याचीसुद्धा. आणि रायफलबरोबर वहीही तिलाच दे. तिच्यात अजून सव्वीस पानं कोरी आहेत, आणि या वेळी वाऱ्याचा रकाना आखून घ्यायला सांग.